स्वॅबचा रिपोर्ट फाइलीतच होता

मे महिन्यात विदर्भात कुणालाही ताप आला की पहिला शब्द निघतो तो 'ऊन लागलं'. या मुलालाही आधी ऊनच लागलं होतं. गोंदिया जिल्ह्यातला, बाविशीच्या आतबाहेरचा, भाताच्या गिरणीत पोती उचलणारा. (ओळख पटू नये म्हणून वय आणि गाव जरा इकडेतिकडे केलं आहे.) आईने कैरीचं पन्हं पाजलं, कांद्याचा रस तळपायांना चोळला. चार दिवसांनी गावातल्या डॉक्टरांनी सलाईनमधून सेफ्ट्रिअक्झोन दिलं. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तालुक्याच्या ठिकाणी प्लेटलेट २२,००० निघाल्या आणि कागदावर डेंग्यूचा शिक्का बसला. तिथून एका खासगी रुग्णालयात आधी पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, आणि तीन दिवसांत फरक पडेना म्हणून सहा दिवस मेरोपेनेम. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली कुणीतरी नीट बघेपर्यंत एकोणीस दिवस गेले. काचेवर ब्लास्ट, म्हणजे कच्च्या, वाढ अर्धवट राहिलेल्या पेशी होत्या. ॲक्युट मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर.

मी नागपुरातल्या एका कॅन्सर रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आहे. जंतू वाढवायच्या प्लेटा, बाटल्या, रिपोर्टवर सही आणि वॉर्डात फोन, एवढं माझं काम. रुग्णाचा चेहरा क्वचित दिसतो, त्याचे जंतू रोज दिसतात. हे प्रकरण लिहायचं कारण त्यातली एक चूक माझ्या टेबलावर घडली आहे.

मुलगा आमच्याकडे आला तेव्हा त्याचं आतडं तीन प्रतिजैविकांच्या हाताखालून गेलेलं होतं. आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू गुण्यागोविंदाने नांदत असतात. तगडं प्रतिजैविक दिलं की त्यातले साधे, निरुपद्रवी जंतू आधी मरतात, आणि ज्यांच्यावर औषध चालत नाही ते मोकळ्या झालेल्या जागेवर हातपाय पसरतात. त्याने रुग्णाला तेव्हा काहीच होत नाही. पोट दुखत नाही, ताप येत नाही. जंतू फक्त वस्तीला राहतो. म्हणून रक्ताच्या कॅन्सरचा रुग्ण भरती झाला की आम्ही गुदद्वाराचा स्वॅब घेतो आणि कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या घराण्यातल्या औषधांना, दाद न देणारे जंतू आहेत का ते बघतो.

होते. तिसऱ्या दिवशी मॅकाँकी अगरवर (जंतू वाढवायच्या एका प्लेटवर) क्लेबसिएला या आतड्यातल्या जंतूच्या गुलाबी, शेंबडासारख्या चिकट वसाहती उगवल्या होत्या. मेरोपेनेम लावलेल्या कागदी चकतीच्या अगदी काठापर्यंत जंतू येऊन भिडले होते, म्हणजे औषध चालत नव्हतं. मी सही केली. रिपोर्ट कॉम्प्युटरवर चढला. छापील प्रत फाइलीत लागली, रक्तगट आणि हिपॅटायटिसच्या कागदांच्या मधोमध. मी फोन केला नाही. रक्तात जंतू निघाले तर फोन करायचा, स्वॅबमध्ये निघाले तर कागद पाठवायचा, अशी आमच्याकडची पद्धत. पद्धत मीच घालून दिलेली.

रात्री दोन चाळीस

केमो सुरू झाली: सात दिवस सायटाराबिन, त्यातले पहिले तीन दिवस डॉनोरुबिसिन. या औषधांनी हाडांतली मज्जा, जिथे रक्तपेशी तयार होतात, जवळजवळ झाडून साफ होते. रोगट पेशी जातात, त्यांच्याबरोबर चांगल्याही जातात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी म्हणजे जंतूंविरुद्धची पहिली फळी. त्या दर घनमिलिमीटरला ५०० च्या खाली गेल्या की संसर्गाचा धोका चढतो आणि १०० च्या खाली तो सर्वांत जास्त असतो. हे गणित बोडी आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली ल्युकेमियाच्या रुग्णांवरून मांडलं, आणि आजही आम्ही त्याच आकड्यांवर चालतो. या मुलाच्या पेशी नवव्या दिवशी ८० होत्या.

पेशीच नसल्या की संसर्गाची नेहमीची लक्षणंही नसतात. पू पेशींचाच बनतो, तो होत नाही. न्यूमोनिया असून एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. एकच निरोप येतो, तापाचा. म्हणून एकदाच १०१ फॅरनहाइट, किंवा तासभर टिकलेला १००.४ एवढ्यावर धावपळ सुरू करायची असते आणि तासाभरात शिरेतून प्रतिजैविक गेलं पाहिजे. अशा रुग्णाला 'ताप आहे का बघू, तोवर क्रोसिन घे' म्हणणं म्हणजे एकुलता एक निरोप्या दारातूनच परत पाठवणं.

अकराव्या रात्री दोन चाळीसला सिस्टरांनी ताप मोजला, १०१.६. ड्युटीवरच्या रेसिडेंटने दहा मिनिटांत ऑर्डर लिहिली: पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम साडेचार ग्रॅम, सोबत ॲमिकासिन. प्रोटोकॉलप्रमाणे बरोबर. कल्चरसाठी, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघण्यासाठी, रक्ताच्या बाटल्याही त्याने नीट घेतल्या, दोन पीआयसीसी लाइनमधून (दंडाच्या शिरेतून आत घालून बरेच दिवस ठेवलेली नळी) आणि दोन दुसऱ्या हाताच्या शिरेतून, प्रत्येकीत आठ-दहा मिली. हे मुद्दाम सांगते, कारण रात्री तीनला एका बाटलीत तीन मिली रक्त टाकून 'कल्चर पाठवलं' म्हणणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. रक्त कमी पडलं की जंतू सापडत नाही, आणि 'जंतू नाही' असा खोटा दिलासा मिळतो.

पण औषध शिरेत गेलं चार वाजून पाच मिनिटांनी. ८५ मिनिटं. वॉर्डातला साठा संपला होता, म्हणून चिठ्ठी वडिलांच्या हातात दिली गेली. वडील कॉरिडॉरमध्ये कूलरच्या वाऱ्यात सतरंजी टाकून झोपले होते. ते उठले, खाली मेडिकलवर गेले, तिथे त्यांच्यापुढे दोन माणसं. बिल, सही, सुट्टे पैसे. मेरोपेनेमसारखी औषधं आणि तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन १ मार्च २०१४ पासून औषध नियमांच्या परिशिष्ट एच-१ मध्ये आहेत. ती विकताना दुकानदाराला डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. चांगला नियम आहे. मात्र गावोगावच्या दुकानांतून तेच सेफ्ट्रिअक्झोन कसं मिळतं, हे ज्याला पाहायचं त्याने जाऊन पाहावं.

रेसिडेंटने सकाळी सहाला टेकोप्लॅनिनही जोडलं. का, विचारल्यावर म्हणाला, "सेफ राहावं म्हणून, मॅडम." लाइनच्या जागी लाली नव्हती, त्वचेवर गळू नव्हतं, न्यूमोनिया नव्हता, आणि तेव्हा बीपीही ठीक होतं. ग्राम-पॉझिटिव्ह, म्हणजे बहुधा त्वचेवरून किंवा लाइनमधून येणाऱ्या, जंतूंसाठीचं औषध सुरुवातीलाच घालायला यातलं काहीतरी लागतं. 'सेफ' हा शब्द आमच्या वॉर्डांत फार महाग पडतो. ते औषध आम्ही दोन दिवसांनी, कल्चरमध्ये तसला जंतू नाही हे बघून बंद केलं, पण दोन दिवस ते विनाकारणच गेलं.

बाटली वाजली

मशीनमधली बाटली पॉझिटिव्ह झाली, म्हणजे तिच्यात जंतू वाढला, की मशीन वाजतं. आमच्या भाषेत 'बाटली वाजली'. लाइनमधली पहिली बाटली दुपारी दोन वीसला वाजली, शिरेतली दोन पन्नासला. बाटल्या पहाटे साडेतीनला आत गेल्या होत्या, म्हणजे अकरा तासांच्या आसपास. एवढ्या लवकर वाजणं म्हणजे रक्तात जंतूंची दाटी. दोन्हींत अंतर अर्ध्या तासाचं. लाइनमधलं रक्त शिरेतल्यापेक्षा दोन तास किंवा जास्त आधी वाजलं तर लाइनवर संशय घ्यायचा. इथे तसं नव्हतं. म्हणजे लाइन काढायची घाई नको, जंतू दुसरीकडून येतोय.

काचेवर गुलाबी, जाड, आखूड कांड्या. ग्राम-निगेटिव्ह, आतड्यात राहणाऱ्यांपैकी. मी तीन दहाला फोन केला. तिकडे बीपी ८६ वर ५४ होतं आणि मुलाला आयसीयूत हलवायचं चाललं होतं. रेसिडेंटने फोनवरच पिपरॅसिलिन काढून मेरोपेनेम लिहिलं. भारतात कुणीही तेच केलं असतं.

फोन ठेवला आणि रजिस्टरमध्ये नोंद करताना नोंदणी क्रमांक ओळखीचा वाटला. मागची पानं चाळली. माझीच सही, आठवडाभरापूर्वीची. मी खुर्चीतून उठले, बाटलीतल्या रक्तावर प्रक्रिया केली आणि पट्टी लावली. गरोदरपणाच्या चाचणीसारखी दिसते ती. पंधरा मिनिटांत, जंतू कोणतं विकर (एन्झाइम) वापरून कार्बापेनेम तोडतो, त्याची रेघ उमटते. दोन रेघा उमटल्या: एनडीएम आणि ऑक्सा-४८.

एनडीएममधलं 'एनडी' म्हणजे न्यू दिल्ली. दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडिश रुग्णात हे विकर सापडलं, २००९ मध्ये त्याचं नामकरण झालं, आणि २०१० साली नावावरून आपल्याकडे बराच गदारोळ उठला. नाव काहीही ठेवा, ते मेरोपेनेमची कात्री आहे. नवं सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टमसुद्धा एकटं त्याच्यापुढे चालत नाही, कारण ॲव्हिबॅक्टम ऑक्सा-४८ ला कुलूप लावतं, एनडीएमला नाही. पण एनडीएमला एक औषध तोडता येत नाही, ॲझ्ट्रिओनाम. मग फक्त ॲझ्ट्रिओनाम का नाही द्यायचं? कारण त्याच जंतूकडे आणखी दोन-चार कात्र्या असतात आणि त्या ॲझ्ट्रिओनाम तोडतात. त्यांना ॲव्हिबॅक्टम कुलूप लावतं. म्हणून दोन्ही औषधं एकत्र आणि एकाच वेळी शिरेत चालवायची. एक सकाळी, एक दुपारी असं केलं तर सगळी मेहनत पाण्यात. दुसऱ्या दिवशी प्लेटवर ते दिसलंही. ॲझ्ट्रिओनामच्या चकतीभोवती जंतू काठापर्यंत होते, पण सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टमच्या चकतीकडच्या बाजूला चंद्रकोरीएवढी स्वच्छ जागा पडली होती. ती प्लेट मी रेसिडेंटांना दाखवायला वॉर्डात घेऊन गेले. समजावून सांगण्यात जे साधत नाही ते एका प्लेटने साधतं.

त्या संध्याकाळी आयसीयूत जरा वादावादी झाली. आयसीयूच्या डॉक्टरांना सवयीने कोलिस्टिन हवं होतं. १९४९ साली जपानात सापडलेलं औषध. मूत्रपिंडांना त्रास देतं म्हणून जगाने अडगळीत टाकलं होतं, दुसरं काही उरलं नाही म्हणून परत काढलं. आपल्याकडे ते कोंबड्यांच्या खाद्यातही जात होतं, सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. मुलाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं मंदावली की रक्तात वाढतं ते) सकाळी ०.८ होतं, ते संध्याकाळी १.५ झालेलं. मी म्हटलं, दुसरा पर्याय असताना या मूत्रपिंडांवर कोलिस्टिन नको. कॅन्सरच्या सरांनी माझी बाजू घेतली. पण पर्याय रुग्णालयात नव्हता. मुलाचा मेहुणा उन्हातान्हात दवाबाजारात गेला, दोन ठिकाणी फिरून औषध घेऊन आला. पहिला डोस पावणेसातला गेला.

ताप आल्यापासून सोळा तास. रात्री कुणी स्वॅबचा रिपोर्ट उघडला असता, किंवा आठवडाभर आधी मी फोन उचलला असता, तर हेच औषध पहाटे गेलं असतं. आयसीयू टळलंच असतं असं मी म्हणणार नाही. रक्तात एवढे जंतू असताना योग्य औषध पडूनही बीपी कोसळतं. पण बारा-चौदा तास त्याला पिपरॅसिलिन आणि मग मेरोपेनेम ही जी दोन औषधं मिळाली, त्यांतलं एकही त्या जंतूवर चालत नव्हतं, आणि ॲमिकासिनही चालत नव्हतं हे दुसऱ्या दिवशी कळलं.

बीपी धरून ठेवणारं नॉरॲड्रेनालिन छत्तीस तास लागलं. पोटाच्या सीटीत मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग, सीकम, सुजून जाड झालेला दिसला. केमोने तोंडापासून गुदद्वारापर्यंतचं अस्तर सोलवटतं आणि आतड्यातला रहिवासी रक्तात उतरतो. इथे तेच झालं होतं. मेट्रोनिडॅझोल जोडलं, तोंडाने खाणं थांबवलं, शस्त्रक्रियावाल्यांनी रोज पोट बघितलं आणि सुदैवाने फक्त बघितलंच.

चौथ्या दिवशी ताप मोडला. मध्ये एकदा ॲम्फोटेरिसिनची, म्हणजे बुरशीवरच्या औषधाची, टूम निघाली होती. पेशी नसताना प्रतिजैविक चालू असूनही चार ते सात दिवस ताप राहिला तर बुरशीचा विचार करायचाच असतो. पण छातीचा सीटी स्वच्छ होता, गॅलॅक्टोमॅनन ही बुरशीची चाचणी निगेटिव्ह होती आणि बुरशी रोखणारं पोसाकोनाझोल आधीपासून चालू होतं, म्हणून थांबलो. तेवढं थांबणं जमलं. पेशी ५०० च्या वर आल्या त्या दिवशी, योग्य औषधाच्या बाराव्या दिवशी, सगळी प्रतिजैविकं बंद केली.

त्या दिवसांत वडील रोज दुपारी लॅबच्या खिडकीपाशी यायचे. त्यांना वाटायचं, पोराचं रक्त इथे आहे म्हणजे खरी बातमी इथेच. "का जी मॅडम, जंतू मरून राह्यले का?" मी प्लेट दाखवायचे. ते लांबूनच हात जोडायचे.

बेसिन

शेजारच्या दोन रुग्णांचे स्वॅब घेतले, एकात तसाच जंतू निघाला. तो मुलाकडून गेला, की दोघांनी वेगवेगळा आणला, हे जनुकीय तपासणीशिवाय सांगता येत नाही आणि ती आमच्याकडे होत नाही. पण मी वॉर्डातल्या बेसिनपाशी अर्धा तास उभी राहिले. एका नातेवाइकाने डबा विसळला. मावशींनी उरलेला चहा ओतला. सिस्टरांनी सलाईनच्या बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं. आणि बेसिनच्या कडेला, नळापासून हातभर अंतरावर, इंजेक्शनं भरायचा ट्रे. नळ सोडला की भोकातून उडणारे शिंतोडे ट्रेपर्यंत पोचत होते. सायफनमध्ये स्वॅब घातला. एनडीएमवाला क्लेबसिएला त्यातही होता. ट्रे दुसऱ्या भिंतीला गेला. डबे धुवायला बाहेर वेगळा नळ दिला, त्यावर लोकांनी चार दिवस कुरकुर केली.

बाकीचे बदल फार मोठे नाहीत. कार्बापेनेमला न जुमानणारा जंतू स्वॅबमध्ये निघाला की आता मी फोन करते आणि फाइलीच्या मुखपृष्ठावर लाल चिकटपट्टी लागते, त्यावर विकराचं नाव. पेशी कमी असलेल्या रुग्णाच्या तापाचा पहिला डोस वॉर्डातल्या कपाटातूनच जातो, चिठ्ठी नातेवाइकाकडे नंतर. महागड्या जोडीच्या दोन दिवसांच्या व्हायल्स फार्मसीत ठेवायच्या, यासाठी मला तीन बैठका आणि एक कडवट ईमेल लागला. व्हायल्सची मुदत संपेल, हा त्यांचा मुद्दा. तोही खोटा नाही.

दुसरं सायकल

मज्जेच्या तपासणीत रोग आटोक्यात आलेला दिसला. जुलैत, पाऊस लागलेला असताना, मुलगा पुढच्या केमोला आला. स्वॅब पुन्हा पॉझिटिव्ह. आतड्यातली वस्ती महिनोन्महिने टिकते आणि ती औषधाने मारायचा प्रयत्न करू नये; त्याने फक्त आणखी चिवट जंतू निवडले जातात.

बाराव्या दिवशी, सोमवारी रात्री अकराला ताप, १०२. पेशी ६०. बीपी ठीक. नवा रेसिडेंट होता, त्याने फाइलीवरची लाल पट्टी बघितली आणि जोडी थेट सुरू केली. तापापासून पस्तीस मिनिटांत. त्यात मला काही गैर वाटलं नाही. ज्याच्या आतड्यात एनडीएम आहे आणि ज्याने एकदा त्याच जंतूने मार खाल्ला आहे, त्याला साधं औषध देऊन बघू म्हणण्याची हिंमत माझ्यात नाही.

आता रोज सकाळी या रेसिडेंटचा फोन. "मॅडम, बाटली वाजली का?" मंगळवारी नाही. बुधवारी नाही. बुधवारी सकाळपासून ताप गेला. पोट मऊ, तोंडात थोडे फोड, बस्स. शुक्रवारी दुपारी मी सरांना म्हटलं, बंद करू या.

सरांचा चेहरा मला पाठ आहे. पेशी फक्त ११०. आमच्या पिढीने शिकलेलं असं, की पेशी ५०० होईपर्यंत प्रतिजैविक सोडायचं नाही, भले तीन आठवडे लागोत. पण युरोपातल्या तज्ज्ञगटाने दशकभरापूर्वीच सांगितलं आहे, की किमान ७२ तास औषध झालं, त्यातले ४८ तास ताप नाही, रुग्ण स्थिर आहे आणि संसर्गाचं ठिकाण सापडलेलं नाही, तर पेशी कितीही असोत, थांबवता येतं. २०१७ मध्ये स्पेनमधल्या चाचणीतही ताप आणि लक्षणं जाऊन ७२ तास झाल्यावर, पेशींची वाट न पाहता, औषध थांबवलं, आणि त्यात मृत्यू वाढले नाहीत. सर म्हणाले, "आणि पुन्हा ताप आला तर?" मी म्हटलं, "तर पस्तीस मिनिटांत पुन्हा सुरू. कपाटात आहे." दुपारचा डोस दिला नाही. पोसाकोनाझोल तेवढं चालू ठेवलं.

संध्याकाळी वडील खिडकीपाशी आले. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "मॅडम, ते महागाचं औषध बंद केलं म्हणते. पैसे संपले म्हणून तं नाही नं जी? मी वावर इकतो, तसं सांगा."

मी त्यांना आत बोलावलं. सहसा कुणाला आत घेत नाही. मशीनचा कप्पा उघडून त्यांच्या पोराच्या चारही बाटल्या दाखवल्या, वर चिकटवलेलं नाव वाचून दाखवलं, हिरवा दिवा दाखवला. म्हटलं, पैशाचा प्रश्न नाही, यांच्यात जंतूच नाही, म्हणून बंद केलं. त्यांनी बाटल्यांकडे बराच वेळ बघितलं. "मागच्या बारीला हेच वाजले होते?" हो, याच कप्प्यातल्या. "मंग आता नाही वाजणार?" अजून दीड दिवस बघायचं आहे, म्हटलं.

शनिवारीही ताप आला नाही. रविवारी सकाळी पाच दिवस भरले होते. मशीनने चारही बाटल्या निगेटिव्ह म्हणून सोडल्या, मी त्या काढल्या आणि वॉर्डात फोन केला. पेशी १८० होत्या.